संयुक्त ऑर्गन : श्रवणकसोटीच्या मर्यादा

'ऑर्गन' म्हटले की मराठी वाचकापुढे संगीत रंगभूमीवरील, पायांनी भाता चालवावयाचे वाद्य उभे राहते. चर्चमधील मोठा ऑर्गन त्याहून निराळा. त्यात वारा शेकडो, क्वचित हजारो नळ्यांतून खेळतो. अलीकडे पाश्चात्त्य देशांतील कित्येक चर्चमध्ये नवा ऑर्गन बसविताना काही स्वरमाला खऱ्या नळ्यांच्या, तर काही ध्वनिमुद्रित नादांवरून डिजिटल यंत्राने उत्पन्न केलेल्या ठेवतात आणि दोन्ही एकाच जागेवरून वाजवितात. अशा संयुक्त वाद्याची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : कानाला फरक कळतो काय? प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रश्नच अपुरा आहे.

त्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९३५ साली हॅमंड कंपनीने विद्युत्-ऑर्गन बाजारात आणला आणि तो १०,००० डॉलरच्या नळ्यांच्या ऑर्गनच्या तोडीचा असल्याची जाहिरात केली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने हरकत घेतली. शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात सुमारे २,६०० डॉलरचे हॅमंड वाद्य व ७५,००० डॉलरचा स्किनर ऑर्गन वाजवून संगीतज्ञ व सामान्य श्रोते यांची परीक्षा झाली. श्रोते जवळजवळ निम्म्या वेळा चुकले किंवा त्यांनी नुसता तर्क केला, असे कंपनीच्या वकिलांचे म्हणणे. स्किनरचा नादच हॅमंडसारखा वाटेल असा बदलला गेला, हा प्रतिपक्षाचा आरोप. १९३८ मध्ये आयोगाने बरोबरीचा दावा करण्यास मनाई केली. आरोपाची सत्यासत्यता बाजूला ठेवली तरी कसोटीचे वैगुण्य त्यात उघड होते. थोरल्या वाद्याला धाकट्याच्या मर्यादेत बसविले की साम्य सिद्ध करणे सोपे.

न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचे उदाहरणही पाहावे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील धूळ शिरून तेथील नळ्यांचा ऑर्गन निकामी ठरला व २००३ मध्ये मार्शल आणि ओगलट्री यांचा सर्वस्वी डिजिटल ऑर्गन बसला. तो प्रशंसिलाही गेला. तरी पुढे त्याच चर्चने जर्मनीतील ग्लाटर-ग्योट्झ कारखाना व अमेरिकेतील मान्युएल रोझालेस यांच्याकडून पुन्हा नळ्यांचाच ऑर्गन घडविला.

संयुक्त वाद्यात मात्र खरी अडचण साम्याची नसून सहवासाची आहे. नळीतील स्वर हवेतील ध्वनिवेगावर अवलंबून असतो व उष्णतेबरोबर चढतो. २० अंश सेल्सिअसला ४४० आंदोलनांचा स्वर २५ अंशांस जवळजवळ ४४४ होतो. डिजिटल स्वर जागचा हलत नाही. दोन्ही एकत्र वाजले की नाद सेकंदास सुमारे ४ वेळा फुगतो आणि ओसरतो. ही कुरबुर नवी आहे असेही नाही. नळ्यांच्याच ऑर्गनमध्ये पितळी जिभेच्या नळ्या उष्णतेला फारशा दाद देत नाहीत, आणि स्वर लावणारा कारागीर त्यांना इतर नळ्यांशी जुळवीत बसतो. डिजिटल भागासाठी तापमापक जोडून स्वर आपोआप सरकविण्याची युक्ती निघाली आहे. परंतु सज्ज्यावरील व खालील हवा एकाच अंशाची क्वचित असते. एक तापमापक कोणत्या नळ्यांची साक्ष देणार? उद्घाटनाच्या संध्याकाळी हे काहीच ऐकू येत नाही, आणि परीक्षणे तर त्याच संध्याकाळची असतात.

तथापि सरसकट निषेध अन्यायाचा होईल. ३२ फुटी स्वरमालेची सर्वांत मोठी नळी सुमारे १० मीटर लांब असते. लहान चर्चमध्ये तिला ना जागा, ना पैसा. तिचा मूळ स्वर सेकंदास सुमारे १६ आंदोलनांचा. तेथे तोच ५ अंशांचा फरक पडला तर मूळ स्वराची एक चढउतार पुरी व्हायला ७ सेकंद लागतात, आणि तितका वेळ संगीत एका स्वरावर क्वचितच थांबते. तेव्हा खर्जात डिजिटल स्वर घेणारा वाद्यकार शहाणा होय. प्रमुख मधल्या स्वरमाला डिजिटल करून शोभेच्या चार नळ्या दर्शनी मांडणाऱ्याविषयी मात्र तसे म्हणवत नाही.