‘स्नुषा’तला ‘आ’ कधीचा?

संस्कृत ‘स्नुषा’ हा शब्द आकारान्त स्त्रीलिंगी; ‘सेना’, ‘कन्या’ यांच्या ओळीत सहज बसणारा. ग्रीकमधला त्याचा सख्खा भाऊबंद ‘न्युओस’ मात्र त्या ओळीत बसत नाही. अर्थ सूनच, लिंगही स्त्रीलिंगच. शेवट मात्र एरवी बहुधा पुल्लिंगी नामांना असतो तो ‘ओस’. म्हणूनच आद्य इंडो-युरोपीय भाषेसाठी ‘स्नुसोस’ असे रूप कल्पिले जाते. संस्कृतने आणि स्लाव्ह भाषांनी सुनेला ‘आ’ मागाहून दिला, लग्नानंतर नाव बदलावे तसा.

हा ‘आ’ मुळात तरी स्त्रीत्वाचा होता का? योहानेस श्मिट यांनी १८८९च्या ग्रंथात वैदिक ‘युगा’ (जोखडे), लॅटिन ‘युगा’ अशा नपुंसकलिंगी अनेकवचनांतला शेवट आणि स्त्रीलिंगी ‘आ’ यांचे मूळ एकच मानले. त्यांच्या मते ते अनेकवचन नव्हतेच. ते समूहवाचक एकवचन होते. ग्रीकमध्ये अशा अनेकवचनी कर्त्याला क्रियापद एकवचनी लागते, ही विद्यार्थ्यांना छळणारी गोष्ट इथे साक्षीदार ठरते. पुढे १९१५मध्ये ह्रोझनी यांनी हित्ती भाषा उलगडली, तर तिच्यात लिंगे दोनच निघाली : सामान्य आणि नपुंसक. हित्तीने स्त्रीलिंग गमावले, असे म्हणणारेही आहेत. मला ती ओढाताण वाटते. तिच्या विशेषणांतही स्वतंत्र स्त्रीलिंगी रूप नाही.

इथवर पटते, अडते ते पुढे. जोखडांच्या समूहापासून हा प्रत्यय बाईपर्यंत पोचला कसा? याकोब ग्रिम यांना व्याकरणातल्या लिंगात आदिम कल्पनाशक्ती दिसली होती. ब्रुगमान यांनी गाडी उलटी फिरवली : ‘स्त्री’ या अर्थाच्या एकदोन शब्दांचा शेवट योगायोगाने ‘आ’ होता, त्यावरून प्रत्ययाला तो अर्थ चिकटला. ग्रिम यांच्यापेक्षा हे सावध आहे खरे, पण एवढ्याशा शब्दांवर एवढा भार पेलवत नाही. शिवाय घरातली सर्वांत जुनी नाती या प्रत्ययाला ओळखतच नाहीत. माता आणि पिता, दुहिता आणि भ्राता, सगळे ऋकारान्तच. शेवटावरून बाई की पुरुष ते कळत नाही.

मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. वाट मोठी, घाट मोठा, ताट मोठे : शेवट एकच, लिंगे तीन, आणि ती सांगते विशेषण. सुनेचा ‘आ’ही प्राकृत ‘सुण्हा’तून मराठीत येताना गळाला. तरी ‘सून आली’ म्हणताना कुणी अडखळत नाही. ‘न्युओस’सुद्धा ग्रीकमध्ये उपपदाच्या आणि विशेषणाच्या आधारावरच स्त्रीलिंगी राहिला.