रक्ततपासणीच्या अहवालात वेळेचा रकाना कोठे आहे?

रक्ततपासणीचा छापील अहवाल आज घरोघरी पोचतो. मोजमाप कसे नोंदवावे हे आपण वर्गात शिकवतो. त्याच कसोटीवर हा अहवालही तपासून पाहावा, असे आम्हांला वाटते.

आमच्यासमोरचा अहवाल तसा नेटका आहे. एकके बिनचूक आहेत, सामान्य मर्यादा दिल्या आहेत, साखर मोजण्याची पद्धतही छापली आहे. पण रक्त किती वाजता काढले, पेशींपासून रक्तद्रव केव्हा वेगळा केला आणि तोवर नळी कोठे होती, याचा त्यात उल्लेख नाही. काही प्रयोगशाळा रक्त घेतल्याची वेळ छापतात. पुढच्या दोन गोष्टी मात्र आम्हांला क्वचितच दिसल्या.

ही उणीव किरकोळ नव्हे. नळीतल्या तांबड्या पेशी जिवंत असतात आणि ग्लुकोज वापरत राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, ते ताशी सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. समजा, एखाद्याची उपाशीपोटीची साखर दर १०० मिलिलिटरला १३० मिलिग्रॅम आहे. नळी दोन तास तशीच पडून राहिली, तर यंत्र ११५ च्या आसपास आकडा दाखवील. मधुमेहाची सीमारेषा आहे १२६. यंत्र बरोबर, निदान मात्र चुकले! करड्या बुचाच्या नळीतले फ्लोराइड ही घट रोखते. पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास लागतात.

मग नळी सरळ फ्रीजमध्ये ठेवावी का? ग्लुकोजची घट थंडीत मंदावते हे खरे. पण पोटॅशियमच्या बाबतीत थंडीच घात करते. तांबड्या पेशींत पोटॅशियमचे प्रमाण रक्तद्रवाच्या वीसपटींहून अधिक असते. ते आत राखणारा सोडियम-पोटॅशियम पंप थंडीत मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. पेशी फुटत नाहीत, त्यामुळे द्रव लालसर दिसत नाही आणि चूक नजरेला येत नाही. वाढलेले पोटॅशियम हृदयाला धोक्याचे असते. त्यामुळे अशा खोट्या आकड्यावर नको ते उपचार सुरू होऊ शकतात. बिलिरुबिनची तऱ्हा आणखी निराळी : ते उजेडात नष्ट होऊ लागते. म्हणजे 'थंड ठेवले की टिकते' हा स्वयंपाकघरातला नियम येथे पुरेसा नाही. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या कराव्यात, मग रक्तद्रव थंड ठेवावा, हा क्रम महत्त्वाचा.

प्रयोगवहीत वेळ आणि तापमान लिहिले नाही, तर आपण विद्यार्थ्याचे गुण कापतो. अहवालाला वेगळा न्याय का? 'रक्त' हा पाठ घेताना एखादा जुना अहवाल नाव झाकून वर्गात न्यावा आणि मुलांना विचारावे : यात काय लिहायचे राहिले आहे?