‘पोस्ट’ ट्रॉमा म्हणजे नक्की कशानंतर? जुडिथ हर्मन यांचं पुस्तक वाचताना

मानसिक आघातावर पीएचडी करायचा विचार करत असाल, तर जुडिथ हर्मन यांचं ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ (१९९२) वाचा, असं कोणीतरी तुम्हाला सांगेलच. मलाही सांगितलं होतं. पण मी एमएस्सी करून आलेली, मला पुस्तकापेक्षा प्रश्नावली जवळची वाटली. पुस्तक अर्धवट ठेवून मी पायलट स्टडीसाठी थेट वेल्ह्यात गेले. ही चूक होती. तिच्यामुळेच मला या पुस्तकाची ताकद कळली आणि कमतरताही.

आधी चूक सांगते. ‘पीसीएल-५’ ही पीटीएसडीची लक्षणं मोजणारी प्रचलित प्रश्नावली आहे. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि विचारायचं ते गेल्या महिन्याभरातल्या त्रासाबद्दल. डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीवर, भर जुलैत, मी एका आजींना झोप लागते का, सतत सावध राहावं लागतं का, असं विचारत होते. काही वर्षांपूर्वी त्यांच्या घरामागे दरड कोसळली होती. गोठा गेला, माणसं वाचली. आजी म्हणाल्या, “अगं पोरी, पावसानं जोर धरला की झोपायचं कसं? वर कान ठेवावा लागतो.” मी दोन्ही प्रश्नांना चार-चार गुण दिले आणि पुढच्या घरी गेले.

गाईडनी फॉर्म पाहून एकच प्रश्न विचारला: “त्यांचा धोका संपलाय का?”

संपलेला नव्हता. दरडींचा धोका असलेल्या भागांत भोर-वेल्ह्याचं नाव येतंच. भोर-महाड रस्त्यावरचा वरंध घाट गेल्या काही पावसाळ्यांत याच भीतीने वाहतुकीला बंद ठेवला गेलाय. आता बघा, प्रशासनाने घाट बंद केला तर आपण त्याला खबरदारी म्हणतो. आजी जाग्या राहिल्या तर मी ते लक्षण म्हणून मोजलं.

मग पुस्तक पुन्हा उघडलं, या वेळी शेवटपर्यंत. पीटीएसडी हे निदान अमेरिकेच्या डीएसएम-३ मध्ये आलं १९८० साली. हर्मन यांनी त्यानंतर बारा वर्षांनी युद्धावरून परतलेले सैनिक आणि घरातल्या हिंसेतून वाचलेल्या स्त्रिया यांचे अनुभव एकत्र ठेवून वाचले. दीर्घकाळ, पुन्हा पुन्हा झालेल्या आघातासाठी त्यांनी ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ ही कल्पना मांडली. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये या नावाचं वेगळं निदान आहे. सावरण्याचे तीन टप्पे त्या सांगतात: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. हे टप्पे सरळ रेषेत येत नाहीत, हेही त्याच सांगतात.

आपण विद्यार्थी बहुतेक वेळा दुसऱ्या टप्प्यावर उडी मारतो. “त्या रात्री काय झालं, सांगा ना.” सुरक्षिततेशिवाय आठवणी उकरणं घातक ठरू शकतं, हा हर्मन यांचा इशारा माझ्या मते पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग आहे. मुलाखत घेणाऱ्याने तो पाठच करावा.

आता कमतरता. हर्मन नैसर्गिक आपत्ती आणि माणसाने केलेला अत्याचार यांत फरक करतात. आपत्तीत लोकांची सहानुभूती पीडिताला सहज मिळते; अत्याचारात मात्र बघणाऱ्याला बाजू घ्यावी लागते, असं त्यांचं म्हणणं. वेल्ह्यात बसून हे वाचलं की अडखळायला होतं. पानशेत याच तालुक्यातलं. १२ जुलै १९६१ ला बांधकाम पूर्ण न झालेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पुण्यात पूर आला. पाऊस निसर्गाचा, धरण माणसाचं. माझ्या फॉर्मवर ‘नैसर्गिक’ आणि ‘मानवनिर्मित’ असे दोनच चौकोन होते. सांगा, टिक कुठे करायची? चौकशी कोणाची व्हायची, भरपाई कोण देणार, हे सगळं त्या चौकोनावर ठरतं.

दुसरी अडचण सुरक्षिततेचीच. हर्मन यांच्या पुस्तकातली स्त्री मारणाऱ्याचं घर सोडू शकते, निदान तशी वाट शोधता येते. डोंगर कसा सोडायचा? शेत, गुरं, देव सगळं तिथंच. आणि सोडला तरी? आपल्याच जिल्ह्यातलं माळीण घ्या. ३० जुलै २०१४ च्या दरडीत दीडशेच्या वर माणसं गेली. २०१७ मध्ये वाचलेल्यांना नवं गावठाण मिळालं, आणि पहिल्याच पावसात तिथेही रस्ते-भिंती खचल्याच्या बातम्या आल्या. अशा ठिकाणी पहिला टप्पा थेरपिस्टच्या खोलीत पूर्ण होत नाही. तो भूगर्भतज्ज्ञ, तहसील कार्यालय आणि संरक्षक भिंत यांच्यावर अवलंबून असतो. पुस्तकाला राजकारण कळतं, पण उपचाराकडे वळताना ते बरंचसं खोलीतच राहतं.

म्हणून ‘गावची माणसं खंबीर असतात, त्यांना काही होत नाही’ असंही म्हणू नका. तो दुसरा आळस. धो-धो पावसात जागं राहणं वेगळं आणि कोरड्या जानेवारीत दचकून उठणं वेगळं. हा फरक माझ्या प्रश्नावलीने विचारलाच नव्हता.

आता मी तीन गोष्टी बदलल्यात. प्रत्येक लक्षणाआधी विचारते, हा धोका आजही आहे का. तोच फॉर्म पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा भरते. आणि कोणी बोलता बोलता कोसळलं तर पुढे कुठे पाठवायचं, हे निघण्याआधी ठरवते. टेली-मानसचा १४४१६ नंबर कागदावर लिहून देते, पण वाडीवर रेंज नसेल तर तेवढ्यावर भागत नाही. जवळच्या आरोग्य केंद्राशी आधीच बोलून ठेवावं लागतं.

आजींचा तो फॉर्म मी विश्लेषणातून काढला, पण फाडला नाही. जानेवारीत पुन्हा जाणार आहे. तुम्ही तुमची प्रश्नावली छापायला टाकण्याआधी हर्मन यांचं सुरक्षिततेवरचं प्रकरण वाचा, आणि ते तुमच्या गावात कुठे अडतं ते समासात लिहा. सिनॉप्सिसची सुरुवात तिथून करता येईल.