कोंडाण्याचे चैत्यगृह आणि उसने शब्द

कर्जतहून कोंदिवडे गाठायचे आणि राजमाचीच्या पायथ्याच्या रानात शिरायचे. चढ संपता संपता कातळात कोरलेली भली मोठी पिंपळपानी कमान समोर येते. हे कोंडाण्याचे चैत्यगृह, इसवी सनापूर्वीचे. मी तिथे प्रथम गेलो तो एक इंग्रजी वर्णन वाचून. त्यातले ‘नेव्ह’, ‘आईल’, ‘ॲप्स’ हे शब्द कोशात पाहिले, तर तिन्ही चर्चच्या बांधणीतले निघाले.

ही वहिवाट जुनी आहे. जेम्स फर्ग्युसन यांनी कार्ल्याच्या चैत्यगृहाची तुलना इंग्लंडमधील नॉरिचच्या कॅथीड्रलशी आणि फ्रान्समधील काँ येथील मठाच्या चर्चशी केली. ही दोन्ही चर्चे अकराव्या शतकातली, म्हणजे कार्ल्याहून हजारेक वर्षांनी धाकटी. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या ‘केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’त कोंडाण्याचे वर्णनही याच परिभाषेत आहे. मापे मात्र काटेकोर आहेत: खोली सुमारे ६६ फूट, रुंदी २६, उंची २८. ही लेणी प्रथम विष्णुशास्त्री यांनी नजरेस आणली, हेही तिथे प्रांजळपणे नोंदवले आहे.

त्या ग्रंथकारांना दोष देण्यात अर्थ नाही. ते आपल्या वाचकाला ओळखीच्या वास्तूवरून अनोळखी वास्तू समजावत होते. दोष आपला. मराठीत ‘प्रदक्षिणापथ’ हा नेमका शब्द असताना आपण ‘आईल’ लिहितो आणि वाचकाला बाकांमधली वाट दिसू लागते. खांबांच्या रांगेपलीकडची ही अरुंद वाट स्तूपाला वळसा घालण्यासाठी आहे. तो वळसा कळला नाही, तर मागची भिंत अर्धगोल का, हेही कळत नाही.

गंमत अशी की तुलना करायचीच, तर तीही इथूनच सुरू होते. दक्षिण फ्रान्समधील काँक या डोंगरी गावच्या मध्ययुगीन चर्चमध्ये वेदीच्या मागून फिरणारी वाट आहे. संताच्या अवशेषांजवळून यात्रेकरूंना पुढे सरकता यावे म्हणून. पवित्र अवशेषाभोवती चालणारी माणसे हा खरा समान धागा. फर्ग्युसन यांच्या तुलनेत भर होता तो रचनेवर आणि मापांवर.

दुसरा धागा नावाचा. कोंडाण्याच्या दर्शनी भागावर डावीकडे एका भंगलेल्या मूर्तीच्या मस्तकाजवळ छोटा ब्राह्मी लेख आहे. त्याचा अर्थ: कण्हाचा अंतेवासी बलक याने केले. फ्रान्समधील ओतँ येथे बाराव्या शतकातल्या दारावरच्या शिल्पपटावर असाच लेख आहे: गिस्लेबर्टसने हे केले. तो शिल्पकार की आश्रयदाता, यावर तिकडे बरीच चर्चा झाली. बलकाबद्दलही तोच प्रश्न उभा राहतो. कार्ल्याच्या लेखांत ‘दान’ हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. इथे ‘केले’ आहे. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. शिवाय बलक आपल्या नावाआधी गुरूचे नाव सांगतो. कारागिरीतही गुरुपरंपरा होती, असे मानायला हा लेख जागा देतो.

आज आतले बरेच खांब बुडाशी झिजून नाहीसे झाले आहेत, स्तूपही खंगला आहे. दगड वाचवणे तज्ज्ञांचे काम. शब्द वाचवणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ‘अंतेवासी’ हा शब्द अजून आपल्या कोशात आहे.