माँटेसरी-पद्धतीतील व्याकरण-साहित्य आणि मराठी शब्दाची घडण

मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीचा आपल्याकडील विचार बहुधा बालमंदिराच्या वयापाशीच थांबतो. सहा वर्षांवरील मुलांसाठी त्यांनी जे साहित्य सिद्ध केले, त्यांपैकी व्याकरण-साहित्याचा तेवढा परामर्श प्रस्तुत टिपणात घ्यावयाचा आहे.

या साहित्यात प्रत्येक शब्दजातीस एक आकृती व एक रंग नेमून दिलेला असतो. नामास काळा त्रिकोण, विशेषणास निळा त्रिकोण, क्रियापदास तांबडे वर्तुळ. आणि इटालियन वा इंग्रजीत नामापूर्वी येणाऱ्या संबंधदर्शक शब्दास हिरवी चंद्रकोर. मूल वाक्याच्या पट्टीतील शब्द सुटे करते, त्यांवर आकृत्या मांडते, क्रम फिरवून पाहते. रंगीत शब्दपत्रांच्या पेट्यांची ही कल्पना १९१६ च्या इटालियन ग्रंथात सविस्तर आली आहे. व्याख्या पाठ करण्याऐवजी हाताने व्याकरण उमगावे, या तत्त्वाविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु या सर्व कृतींच्या मुळाशी एक गृहीत आहे. ते असे की, शब्द ही सुटी उचलता येणारी वस्तू होय. मराठीत हे गृहीत सर्वत्र टिकत नाही. 'पाण्यावर' ह्या शब्दात चंद्रकोर कोठे ठेवावयाची? संपूर्ण शब्दावर ठेवली तर नाम झाकले जाते. केवळ 'वर' या अंशावर ठेवावी तर मागे जे 'पाण्या' उरते, त्यावर काळा त्रिकोण ठेवण्यास मूल कचरते, आणि ते योग्यच आहे. आकृत्यांची नावे मराठीत आणून हा प्रश्न सुटत नाही. (इंग्रजी व्याकरणातील आठ शब्दजातींचा साचा दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासूनच आपल्या अंगवळणी पडला आहे, तेव्हा सर्व दोष माँटेसरी-साहित्याच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.)

कफ परेडच्या मच्छीमार नगरातील चार मुलांपुढे प्रस्तुत लेखकाने एकदा अशा पट्ट्या मांडल्या. चंद्रकोर काही केल्या बसेना, तेव्हा हाती कात्री दिली. 'पाण्यावर', 'किनाऱ्यावर', 'वल्ह्याने' हे शब्द मुलांनी कापले. उरलेला तुकडा एकीने 'पान्या' असा, घरच्या कोळी उच्चाराने, मोठ्याने वाचला व ती हसू लागली. ''पान्या म्हंजे काय?'' सामान्यरूपाचे ज्ञान याहून स्वच्छ रीतीने झालेले माझ्या पाहण्यात नाही. तो तुकडा स्वतंत्र शब्द नव्हे, हे साहित्यानेच सांगितले. शिक्षकास बोलावे लागले नाही, आणि चुकीचे नियंत्रण साहित्यात असावे ही तर माँटेसरींचीच अपेक्षा. 'माशावर'ने मात्र फजिती केली. 'वर' कापताच 'माशा' उरल्या आणि संभाषण कीटकांकडे वळले.

ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू केले आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे परदेशी बनावटीच्या साहित्याऐवजी परिसरातील खडे, पाने, बिया वापरात आणल्या. साहित्याच्या द्रव्यात असा बदल करणे हे मोठेच कार्य होते. भाषेच्या साहित्यात द्रव्य बदलून भागत नाही. त्यामागील विश्लेषणच बदलावे लागते.

याचे आणखी एक उदाहरण क्रम बदलण्याच्या खेळाचे. इंग्रजी वाक्यात शब्दपत्रे हलविली की अर्थ ढासळतो, आणि त्यातून क्रमाचे महत्त्व कळते. 'मुलाने मासा पकडला' हे वाक्य कसेही फिरवा, मासा पकडलेलाच राहतो. येथे क्रमाऐवजी नामाचे पत्र बदलून पाहावे. 'मासा' काढून 'मासळी' ठेवताच 'पकडला' बसत नाही. मुलास 'पकडली' शोधावे लागते. मुलगा बदलून मुलगी आणली तरी क्रियापद हलत नाही, आणि याचे मुलांना फार आश्चर्य वाटते. काळ्या त्रिकोणाशी तांबडे वर्तुळ जखडलेले आहे, परंतु कोणत्या त्रिकोणाशी, हे दाखविण्याची सोय मूळ आकृत्यांत नाही.

त्या दिवशी कापलेल्या तुकड्यांचे मुलांनी आपण होऊन दोन ढीग केले होते, बदललेल्यांचा व न बदललेल्यांचा. 'होडीवर' व 'टोपलीत' यांतून होडी आणि टोपली अखंड निघाल्या. असे का, हे पान्यावर हसलेल्या मुलीनेच विचारले. ईकारान्त स्त्रीलिंगी नामांच्या आणखी पट्ट्या असत्या तर उत्तर तिचे तिलाच सापडते. त्या माझ्याजवळ नव्हत्या.