महाविद्यालयीन क्रीडांचे उत्पन्न आणि प्रेक्षकावरील भार

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल-सामन्यांची तिकिटे महाग का झाली, या प्रश्नाला सामान्यतः एकच उत्तर देण्यात येते : खर्च वाढला, म्हणून दर वाढले. वरवर पाहता हे उत्तर निर्विवाद वाटते. परंतु त्यातील कार्यकारणभाव उलटा तर नाही ना, हे तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या विषयाच्या चिकित्सेस जुनी परंपरा आहे. कार्नेगी प्रतिष्ठानाने ऑक्टोबर १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेला, हॉवर्ड सॅव्हेज प्रभृतींनी सिद्ध केलेला अहवाल हा तिचा आद्य आधार होय. महाविद्यालयीन क्रीडांत शिरलेल्या व्यापारी वृत्तीवर त्याने नेमके बोट ठेवले. निदान योग्य होते. परंतु या वृत्तीकडे मुख्यतः नैतिक ऱ्हास म्हणून पाहिल्यामुळे तिच्यामागील आर्थिक यंत्रणेचा विचार अपुरा राहिला, असे म्हणावे लागते.

ही उणीव हॉवर्ड बोवेन यांनी १९८० साली उच्च शिक्षणाच्या खर्चावरील ग्रंथात मांडलेल्या सिद्धान्ताने भरून निघते. शिक्षणसंस्था मिळेल तितके द्रव्य मिळवितात आणि मिळविलेले सर्व खर्च करतात. सबब खर्च उत्पन्नास ठरवीत नाही, उत्पन्नच खर्चास ठरविते. बोवेन यांचे विधान समग्र विद्यापीठाविषयी आहे. क्रीडाविभागास ते अधिकच लागू पडते. तेथे नफा वाटून घेणारा भागधारक नाही. प्रतिस्पर्ध्याहून अधिक खर्च करण्याची ईर्षा मात्र आहे.

या सिद्धान्ताची कसोटी पाहू. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या दूरदर्शन-प्रक्षेपणावरील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेचे नियंत्रण रद्द केले. कालांतराने प्रमुख विद्यापीठांना प्रक्षेपण-हक्कांपासून मिळणारे द्रव्य अनेक पटींनी वाढले. खर्च भागविणे एवढाच हेतू असता, तर या नव्या द्रव्याने प्रेक्षकाचा भार हलका व्हावयास हवा होता. तसे झाले नाही. उलट, अनेक ठिकाणी चांगल्या जागेसाठी तिकिटाच्या मूल्याखेरीज ‘देणगी’ द्यावी लागते. अशा देणगीच्या ८० टक्के रकमेवरील करसवलत १९८८ च्या कायद्याने मान्य केली होती. ती २०१७ च्या कायद्याने, २०१८ पासून, बंद झाली. आलेले द्रव्य कोठे जाते, याचे उदाहरण टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील प्रशिक्षक जिंबो फिशर यांस मुदतीपूर्वी दूर करण्यात आले आणि करारान्वये त्यांना सात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे निघाले. अशा खर्चास अपरिहार्य कोण म्हणेल ?

येथे एक आक्षेप संभवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये टेनेसी विद्यापीठाने पुढील हंगामाच्या फुटबॉल-तिकिटांवर १० टक्के ‘प्रतिभा-शुल्क’ जाहीर केले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतात. २०२५-२६ साठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. हा खर्च तरी खरा व न्याय्य नव्हे काय ? न्याय्य निःसंशय आहे. ज्यांच्या श्रमांवर हे उत्पन्न उभे राहिले, त्यांना वाटा फार उशिरा मिळाला. परंतु खेळाडूंना वाटा मिळाल्याने प्रेक्षकाची देण्याची शक्ती वाढत नाही. जो वाढीव दर तो आज देतो, तो कालही देऊ शकला असता. काल तो मागितला नाही, कारण प्रेक्षक हा विद्यापीठ-परिवाराचा घटक आहे ही जाणीव काही अंशी शिल्लक होती. नवा खर्च हे ती मर्यादा सोडण्याचे निमित्त होय, कारण नव्हे.

जेथे प्रेक्षक व प्रक्षेपण यांचे उत्पन्न तोकडे पडते, तेथे हाच भार सक्तीच्या शुल्काच्या रूपाने विद्यार्थ्यावर येतो. मैदानाकडे न फिरकणाराही त्यातून सुटत नाही. व्हर्जिनिया राज्याने २०१५ साली अशा साहाय्यास कायद्याने मर्यादा घातली, हे लक्षणीय आहे. उपदेशाने जे साधले नाही, ते साधण्याचा हा मार्ग बोवेन यांच्या विचाराशी सुसंगत आहे.

तात्पर्य, उत्पन्न वाढले की भार उतरेल ही आशा व्यर्थ होय. प्रथम खर्चास सीमा घालावी लागेल. एरवी प्रत्येक नवे उत्पन्न नव्या खर्चास जन्म देईल, आणि तो खर्च पुन्हा प्रेक्षकाच्या व विद्यार्थ्याच्या दाराशी येऊन उभा राहील.