मीठ कमी केलं म्हणता, पण मोजलं कुठे?

"आम्ही रस्त्यावर टाकायचं मीठ अमुक टक्क्यांनी कमी केलं." हिवाळी रस्ते-देखभालीवरचे अहवाल वाचायला घेतलेत तर हे वाक्य तुम्हाला हमखास भेटेल. वाचून बरंही वाटेल. पण संशोधनाची तयारी करत असाल तर इथेच थांबा आणि विचारा: कमी झालं ते कुठे? ट्रकमध्ये, ओढ्यात, की तळ्यात? तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळं येऊ शकतं. ते का, हे समजण्यासाठी आज तीन अभ्यास शेजारी-शेजारी ठेवून वाचू. तिन्ही भरपूर वापरले गेलेत आणि तिघांतही काहीतरी निसटलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण आपल्याकडे बर्फाच्या रस्त्यांशी फारसा संबंध येत नाही. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणतं. २३.३ टक्के मिठाचं द्रावण थेट उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे ९ अंशांच्या खाली साधं मीठ इतकं मंद काम करतं की टाकून फारसा उपयोग नसतो. अमेरिकेत दरवर्षी दोन कोटी टनांच्या आसपास मीठ अशा कामासाठी वापरलं जातं. बर्फ वितळतो, मीठ मात्र कुठेही जात नाही. त्यातलं क्लोराइड कुजत नाही, सहजी साका होऊन खाली बसत नाही, मातीला फारसं चिकटत नाही. पाण्यातून ते काढायचं तर रिव्हर्स ऑस्मोसिससारखा महागडा मार्ग उरतो, आणि अख्ख्या तळ्याला तो परवडत नाही. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. तिथला खारेपणा नैसर्गिक आहे, कारण वेगळं आहे. पण भूजल एकदा खारं असलं की ते गोडं करता येत नाही, हा अनुभव तोच.

मिनेसोटा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेचं एक प्रसिद्ध वाक्य आहे: एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं दूषित करतं. अशी वाक्यं वाचली की लगेच हिशेब करायची सवय लावून घ्या. छोटा चमचा म्हणजे सुमारे ६ ग्रॅम मीठ. त्यात वजनाने ६१ टक्के क्लोराइड, म्हणजे ३.६ ग्रॅम. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर. भागाकार केला की लिटरला साधारण १९० मिलिग्रॅम येतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) १९८८ साली जलचरांसाठी दीर्घकालीन मर्यादा घातली ती २३० ची. म्हणजे चमचा जरा शिगोशीग भरला किंवा पाण्यात आधीचं थोडं क्लोराइड असलं की मर्यादा गाठली जाते. घोषणा असूनही वाक्य हिशेबाला टिकतं. 'कायमचं' हा शब्द मात्र लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

पहिला पेपर: ३७१ तळी

हिलरी ड्युगन आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१७ साली पीएनएएस या नियतकालिकात आला. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या ३७१ तळ्यांच्या क्लोराइडच्या दीर्घकालीन नोंदी गोळा केल्या आणि प्रत्येक तळ्याभोवती पाणी न मुरणारी जमीन किती, म्हणजे डांबर, काँक्रीट, छपरं वगैरे, ते मोजलं. निष्कर्ष असा, की ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागात तळ्याभोवती अशी जमीन अवघी १ टक्का असली तरी तळं हळूहळू खारट होत जाण्याची शक्यता वाढते. हाच कल राहिला तर पुढच्या ५० वर्षांत अनेक तळी २३० ची मर्यादा ओलांडतील.

काम मोठं आहे. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या कारणांसाठी ठेवलेल्या नोंदी एका साच्यात बसवणं किती किचकट असतं, हे ज्याने दोन एक्सेल फायली जोडून पाहिल्यात त्याला विचारा. माझी तक्रार कामाच्या दर्जाबद्दल नाही. तक्रार आहे ती हा पेपर पुढे ज्या पद्धतीने उद्धृत होतो त्याबद्दल. त्यात तीन गोष्टी पाहा.

एक, इथे कोणत्या तळ्याभोवती किती मीठ पडलं हे मोजलेलं नाही. मोजलंय ते डांबर-काँक्रीट. ते मिठाच्या जागी उभं केलेलं चल आहे, प्रॉक्सी. आणि प्रॉक्सी म्हणून ते चांगलंच आहे. पण 'मीठ निम्मं केलं तर तळ्याचं काय होईल?' या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही, कारण मीठ निम्मं केलं तरी डांबर तेवढंच राहतं. नुकसान कुठे होतंय ते हा पेपर दाखवतो. उपाय चालतो का, हे तो सांगत नाही आणि सांगण्याचा दावाही करत नाही.

दोन, दीर्घकाळाच्या नोंदी ज्यांच्या आहेत तीच तळी अशा अभ्यासात येतात. ज्या तळ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, त्याची नोंदच नाही. उपलब्ध विदा आणि यादृच्छिक नमुना यातला फरक विसरून चालत नाही.

तीन, '५० वर्षांत' हे भाकीत 'हाच कल राहिला तर' या अटीवर आहे. बातम्यांमध्ये अट गळते आणि भाकीत उरतं. तुमच्या साहित्य-आढाव्यात ती गळू देऊ नका.

दुसरा पेपर: न वाढलेलं मीठ, वाढलेलं क्लोराइड

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २००८ चा पेपर, व्हिक्टोरिया केली आणि सहकाऱ्यांचा. जागा न्यू यॉर्क राज्याच्या आग्नेय भागातलं एक ग्रामीण पाणलोट क्षेत्र. काळ १९८६ ते २००५. ओढ्यातलं क्लोराइड दरवर्षी लिटरला १.५ मिलिग्रॅमने वाढत गेलं. त्या क्षेत्रात येणाऱ्या मिठापैकी ९१ टक्के बर्फ वितळवण्याच्या मिठाचं, असा त्यांचा अंदाज. आता गंमत बघा: या काळात रस्त्यावरच्या मिठाचा वापर वाढलाच नव्हता. सांडपाणी आणि पाणी मृदू करणारी घरगुती यंत्रं यांचा वाटा थोडा वाढला असेल, पण एवढी वाढ त्यातून निघत नाही. मग क्लोराइड आलं कुठून? मॉडेलच्या आधारे त्यांनी सुचवलं, की आधीच्या दशकांत टाकलेलं मीठ जमिनीखाली साठत गेलं आणि ते आता सावकाश बाहेर येतंय.

याला जोडून टोरोंटोचा जुना अभ्यास वाचा. हॉवर्ड आणि हेन्स यांनी १९९३ साली हायलँड क्रीक खोऱ्याचा जमाखर्च मांडला. वर्षाला जेवढं मीठ टाकलं जातं त्यातलं फक्त ४५ टक्के ओढ्यावाटे बाहेर पडत होतं. उरलेलं भूजलात.

बँकेचं पासबुक डोळ्यासमोर आणा. दरमहा जमा जास्त आणि खर्च कमी असेल तर शिल्लक वाढत जाते. तुम्ही जमा थोडी कमी केलीत, पण ती अजूनही खर्चापेक्षा जास्तच असेल, तर शिल्लक वाढतच राहणार, फक्त जरा हळू. मीठ कमी करणाऱ्या योजनांचं हेच होतं. ट्रकमधलं मीठ कमी झालेलं असतं आणि ओढ्यातलं क्लोराइड वाढत असतं. दोन्ही आकडे खरे.

टीका इथेही करायला हवी. हे एकच पाणलोट क्षेत्र आहे. 'जमिनीखालचा साठा' हा निष्कर्ष इतर शक्यता वगळून आणि मॉडेलमधून आलाय. लेखकांनी स्वतः 'बहुधा' असं म्हटलंय. तो 'बहुधा' तुम्हीही ठेवा. पण एका गोष्टीसाठी हा पेपर पुरेसा आहे: ज्या अभ्यासात मीठ कमी केल्यानंतर दोन-तीन हिवाळे ओढा मोजून 'फरक पडला नाही' असं लिहिलंय, तो निष्कर्ष तुम्ही जसाच्या तसा घेऊ नये.

तिसरा अभ्यास: ८८ टक्क्यांचा आकडा

आता दुसरी बाजू. मीठ कमी करा म्हटलं की उत्तर येतं: मग अपघात वाढतील त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, माणसांच्या जिवाचा आहे. या वादात मार्केट विद्यापीठातला क्युमेल आणि हनबाली यांचा १९९२ चा अभ्यास नेहमी पुढे येतो. मीठ टाकण्याआधीचे तास आणि नंतरचे तास यांतल्या अपघातांची तुलना त्यात आहे. मीठ उत्पादकांची संघटना, सॉल्ट इन्स्टिट्यूट, त्यातला 'अपघात ८८ टक्क्यांनी घटतात' हा आकडा वर्षानुवर्षं मिरवत असे.

आधी-नंतर तुलनेत एक ठरलेली अडचण असते. मीठ टाकलं त्या दोन-चार तासांत बाकी जग थांबलेलं नसतं. बर्फ हटवणारा प्लाऊ फिरलेला असतो, हिमवृष्टीचा जोर उतरलेला असू शकतो, घाईचे चालक एव्हाना निघून गेलेले असतात. यातलं मिठाचं श्रेय किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मीठ उपयोगी नाही असा याचा अर्थ घेऊ नका. ते उपयोगी आहे, नक्की आहे. पण माझा खरा आक्षेप दुसरा आहे: हा अभ्यास 'मीठ की मीठ नाही' याचं उत्तर देतो. धोरणाचा प्रश्न 'एवढं मीठ की थोडं कमी?' असा आहे. पहिल्या चिमटीने भाजीला चव येते म्हणून चौथ्या चिमटीनेही येईल असं नसतं. पूर्ण फायद्याचा आकडा शेवटच्या किलोसाठी वापरायचा, ही चूक फक्त याच विषयात होते असं समजू नका.

आणि तो शेवटचा किलो वाचवता येतो. ट्रकवरचं यंत्र नीट कॅलिब्रेट करणं, हवेचं नव्हे तर रस्त्याचं तापमान बघून मात्रा ठरवणं, बर्फ पडायच्या आधीच मिठाचं पाणी फवारणं, कोरडं मीठ ओलं करून टाकणं म्हणजे ते उसळून कडेला जात नाही, मिठाचे ढीग छपराखाली ठेवणं. यात सुरक्षेशी तडजोड नाही. बीटच्या रसासारखे पर्याय मात्र जपून वाचा. त्यातले सेंद्रिय पदार्थ पाण्यात कुजताना ऑक्सिजन खातात, म्हणजे एक दुखणं काढून दुसरं घ्यायचं.

शिवाय सगळं मीठ सरकारी ट्रकमधून पडत नाही. दुकानांचे पार्किंग, सोसायट्यांच्या वाटा इथे खासगी कंत्राटदार मीठ टाकतात. कुणी घसरून पडलं तर दावा होईल या भीतीने ते हात सैल सोडतात. न्यू हॅम्पशायर राज्याने २०१३ मध्ये यावर कायदा केला: प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या कंत्राटदाराला अशा दाव्यांपासून मर्यादित संरक्षण. रसायनशास्त्राच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात सापडू शकतं, हे तुमच्या वहीत लिहून ठेवा.

मग आपण काय करायचं?

माझं मत सांगतो. हे संशोधन नुकसान दाखवण्यात भक्कम आहे, उपाय तपासण्यात कच्चं. कारण उपाय टनांत आणि ट्रकपाशी मोजला जातो, नुकसान मिलिग्रॅममध्ये आणि पाण्यात. मधला जमिनीखालचा दुवा फार थोडे जण मोजतात. त्यात मोजपट्टीही डळमळीत. २०२२ मध्ये हिंट्झ आणि सहकाऱ्यांनी चार देशांतल्या १६ ठिकाणी एकसारखे प्रयोग केले. सध्याच्या मर्यादांच्या आतच जवळपास तीन-चतुर्थांश ठिकाणी सूक्ष्म प्राणिप्लवकांची संख्या निम्म्याहून खाली आली. म्हणजे २३० च्या आत आहोत म्हणून निश्चिंत राहायची सोय नाही. कॅनडाची दीर्घकालीन मर्यादा १२० आहे, तिथेही तेच.

या विषयात, किंवा नद्यांमधल्या नायट्रेटसारख्या जवळच्या विषयात, प्रस्ताव लिहीत असाल तर चार गोष्टी आधीच ठरवा. मोजमाप ट्रक, ओढा आणि विहीर अशा तिन्ही जागी हवं. हिवाळा किती कडक होता त्यानुसार आकडे सुधारून घ्यायला हवेत, नाहीतर सौम्य हिवाळ्याचं श्रेय योजनेला जातं. मीठ कमी न केलेलं एक शेजारचं खोरं तुलनेला हवं. आणि परिणाम दिसायला किती वर्षं लागतील याचा अंदाज मोजणी सुरू करण्याआधी लिहून ठेवायला हवा.

शेवटची अट सगळ्यात जड जाते. पीएचडी चार-पाच वर्षांची, जमिनीखालचं मीठ काही दशकांचं. तुमच्या प्रबंधात तळं सुधारलेलं कदाचित दिसणार नाही. तेव्हा 'तळं सुधारलं का?' हा प्रश्न न घेता 'साठा वाढायचा थांबला का?' हा घ्या. तो तुमच्या मुदतीत सुटण्यासारखा आहे आणि त्याचं उत्तर पुढच्याच्या कामी येईल.